म्हैसूरची न पुसणारी शाई

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा संसार सरकारी सेवेच्या निमित्ताने मुलखाबाहेर मांडलेला आहे. खाते कोणतेही असो, गाव कोणतेही असो, या मंडळींना एक काम सहसा चुकत नाही. ते म्हणजे निवडणुकीचे. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेताना मतदान केंद्राध्यक्षाच्या हाती एक लांबलचक यादी पडते. तीत लाख असते, मेणबत्ती असते, सुतळी असते, निरनिराळ्या नमुन्यांची पाकिटे असतात. आणि एका ओळीत पक्क्या शाईच्या कुप्यांचा उल्लेख असतो. कुपी उभी ठेवण्यासाठी एक वाटी किंवा रिकामा डबा असावा, असेही त्याच यादीत सांगितलेले असते. त्या डब्यात वाळू अथवा माती भरून कुपी तीत रोवावयाची, म्हणजे गर्दीच्या वेळी कोणाचा हात लागून ती कलंडत नाही.

टेबलावर शेजारीच मतदानयंत्र असते. त्या यंत्राच्या अंतरंगात विद्युत्कणांची जी करामत चालते ती आपल्यापैकी फारच थोड्यांना उलगडून सांगता येईल. आणि त्याच टेबलावर, वाळूच्या डब्यात रोवलेली, काडीने बोटाला फासावयाची ही शाई! दोन निराळ्या युगांतील वस्तू एकाच टेबलावर शेजारी शेजारी नांदताना पाहून आम्हांला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. अधिक चांगले साधन निघाले की कमी चांगले आपोआप मागे पडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मग बाकी सारे बदलले असता ही शाई मात्र का बदलली नाही? तिच्याहून हुशार साधने निघाली नाहीत असे नाही. ती निघाली, त्यांचे प्रयोग झाले, त्यांवर पैसाही खर्च झाला. तरीही ती जुनी कुपी आपली जागा सोडीत नाही. या गोष्टीचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी म्हैसूरला जावे लागते.

म्हैसूरचा दसरा आमच्या वाचकांनी पाहिला नसला तरी ऐकला नक्कीच असेल. अंबारी पाठीवर घेतलेल्या हत्तीची मिरवणूक राजवाड्यापासून निघते आणि शहराच्या उत्तरेस बन्नीमंटप येथे संपते. बन्नी म्हणजे शमी. तेव्हा आपल्याकडील सीमोल्लंघनाची आणि या मिरवणुकीची नाळ एकच आहे हे सांगावयास नको. याच बन्नीमंटपाच्या वस्तीत एक सरकारी कारखाना आहे. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांच्या कारकिर्दीत तो ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ या नावाने निघाला. संस्थानच्या जंगलात मिळणाऱ्या लाखेपासून रंग, रोगण आणि मोहोर करण्याची लाख तयार करावी, हा त्याचा मूळ हेतू होता. स्वातंत्र्यानंतर तो राज्य सरकारची कंपनी झाला आणि १९८९ पासून ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या संस्थानात दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ साली प्रजाप्रतिनिधींची सभा भरविली, त्याच संस्थानच्या एका कारखान्याने पुढे साऱ्या देशाच्या मतदानाला शाई पुरवावी, हा योगायोग असला तरी मोठा मनोज्ञ आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा काळ आठवावा. १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत ती चालली. सुमारे सव्वासतरा कोटी मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर, आणि ओळखपत्र नावाची वस्तू कोणाजवळही नाही. मतदार यादीत आपले नाव सांगण्यासही लाखो स्त्रिया कचरत. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच ओळख त्या देत. अशा सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे शेवटी यादीतून गाळावी लागली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे जे प्रश्न होते त्यांत एक असा: ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्याजवळ कागद नाही, ज्याला सही येत नाही, असा माणूस सकाळी एका नावाने मत देऊन दुपारी दुसऱ्या नावाने आला तर त्याला ओळखावयाचे कसे? उत्तर त्याच्या शरीरावरच लिहून ठेवणे भाग होते. शास्त्रज्ञांनी न पुसणारी शाई तयार केली आणि त्या पहिल्या निवडणुकीत तिच्या ३,८९,८१६ कुप्या खर्ची पडल्या. या शाईच्या आरंभीच्या संशोधनाशी डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांचे नाव जोडले जाते; पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तिच्यावर अधिक काम झाले. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती तयार करण्याचे काम म्हैसूरच्या कारखान्याकडे आले, आणि ते तेव्हापासून तेथेच आहे. मोहोरेची लाख करणाऱ्या कारखान्याकडे मोहोरेसारखीच ही दुसरी वस्तू आली.

शाईचे रहस्य तसे साधे आहे. तिच्यातील मुख्य द्रव्य सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा एक क्षार. माणसाच्या कातडीवर घामातील मीठ नेहमीच असते. त्या मिठाशी या क्षाराचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारे असे चांदीचे दुसरे संयुग तयार होते आणि ते कातडीला धरून बसते. पुढे उजेड लागला की ते काळे पडू लागते. छायाचित्राच्या जुन्या काचेवर उजेडाने जे घडत असे, तेच येथे बोटावर घडते. साबण त्याला हलवू शकत नाही. कातडीचा वरचा थर काही दिवसांनी गळून पडतो तेव्हा कातडीवरची खूण जाते. नखावरची मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणूनच खूण नखावर आणि त्याच्या मागील कातडीवर अशी दोन्हीकडे करावयाची. २००६ पासून डाव्या तर्जनीच्या नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या तळापर्यंत उभी रेघ ओढण्याची सूचना आहे, तिचे कारण हेच.

या शाईभोवती कालांतराने जी व्यवस्था उभी राहिली ती शाईइतकीच पाहण्यासारखी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या ६१ व्या कलमाने तिला कायद्याचा आधार दिला. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांपैकी ३७ व्या नियमाने बोट ठरवून दिले. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे कोणतेही बोट, डाव्या हाताला बोटच नसेल तर उजवी तर्जनी, अशी पायरीपायरीने सोय करून ठेविली. बोटाला तेल लावून कोणी आला तर आधी ते फडक्याने पुसावे, असे मतदान अधिकाऱ्याला बजाविले. दुसऱ्या अधिकाऱ्याने शाई लावावी, मग मतदाराने नोंदवहीत सही किंवा अंगठा करावा, आणि तिसऱ्याने बोट पुन्हा पाहून मगच त्याला यंत्राकडे सोडावे, असा क्रम लावला. त्यातील मख्खी अशी की, सहीला जो वेळ लागतो तेवढ्यात शाई वाळते. हे सारे लक्षावधी कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आमच्या वाचकांना ते प्रशिक्षणाच्या वर्गात ऐकावे लागते खरे. पण खेड्यातील ज्या म्हातारीने कधी वर्ग पाहिला नाही, तीही टेबलापाशी आली की न सांगता डावा हात पुढे करते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी देशातील सुमारे साडेदहा लाख मतदान केंद्रांकरिता म्हैसूरहून २६ लाखांहून अधिक कुप्या गेल्या. याखेरीज परदेशांतील निवडणुकांनाही हीच शाई रवाना होत असते.

आता तिच्या भोवतीच्या बाकीच्या वस्तूंची गत पाहू. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. मुंबईजवळ विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात अशा लक्षावधी पोलादी पेट्या तयार झाल्या होत्या. पुढे एकाच मतपत्रिकेवर सर्वांची नावे छापून शिक्का मारण्याची पद्धत आली आणि उमेदवारागणिक पेटी गेली. नंतर मतपत्रिकाही गेली. मतदानयंत्राचा पहिला प्रयोग केरळातील परूर मतदारसंघात १९८२ च्या मे महिन्यात ५० केंद्रांवर झाला. निकाल १२३ मतांच्या फरकाने लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्यात यंत्राला आधार नाही म्हणून १९८४ साली ती निवडणूक त्या केंद्रांपुरती रद्द ठरून तेथे पुन्हा कागदावर मतदान घ्यावे लागले. १९८९ साली कायदा बदलला. बंगळूर व हैदराबाद येथील सरकारी कारखान्यांनी यंत्रे तयार केली; पण राजकीय पक्षांत एकमत होईना म्हणून ती जवळजवळ दहा वर्षे गोदामांत पडून राहिली. १९९८ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ मतदारसंघांत त्यांचा पुन्हा प्रयोग झाला, आणि २००४ साली सर्व देशाची लोकसभा निवडणूक यंत्रावर झाली. परूरपासून मोजले तर बावीस वर्षे लागली.

हा इतिहास दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की, यंत्र चांगले होते एवढ्याने भागले नाही. त्याच्या पाठीशी कायदा नव्हता, विश्वास नव्हता, शिकलेला हात नव्हता. आणि हे सारे कागदी मतपत्रिकेपाशी होते. नवे साधन जुन्या साधनाशी झुंजते असे आपण म्हणतो, परंतु खरे पाहता ते त्याच्याभोवती वर्षानुवर्षे जमत गेलेल्या व्यवस्थेशी झुंजत असते. दुसरी गोष्ट अशी की, ही झुंज जिंकता येते. कारण मतपत्रिकेचे दुखणे सर्वांना जाचत होते. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडून बाद होणारी मते, रात्रंदिवस चालणारी मोजणी, केंद्र बळकावून गठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर मारले जाणारे शिक्के! ज्यांनी त्या काळी मोजणीच्या टेबलावर रात्री काढल्या त्यांना निराळे सांगावयास नको. यंत्राने नेमके याच दुखण्यांना हात घातला, आणि तसे करताना बाकीचा क्रम मोडला नाही. मतदार पूर्वीप्रमाणेच टेबलापाशी येतो, नाव सांगतो, बोट पुढे करतो. शिक्क्याऐवजी कळ दाबतो, एवढेच.

शाईच्या बाबतीत मात्र असे दुखणे कोणते आहे, हे दाखविणे प्रतिस्पर्ध्यांना जमले नाही. पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे छायाचित्र असलेले ओळखपत्र. टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत १९९३ साली ते सुरू झाले. आता शाईची गरज काय, असे तेव्हा कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ओळखपत्र ‘हा कोण’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘याने आज मत दिले आहे की नाही’ हे त्याला सांगता येत नाही. एकाच माणसाचे नाव दोन गावांच्या यादीत असले तर दोन्हीकडे त्याचे ओळखपत्र खरेच ठरते. बोटावरची रेघ मात्र त्याच्याबरोबर दोन्ही गावी जाते. तेव्हा दोन्ही वस्तू राहिल्या. एकीने दुसरीला हटविले नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक बलवान होता. तो म्हणजे बोटांचे ठसे तपासणारे यंत्र. आफ्रिकेतील काही देशांनी हे पाऊल मोठ्या उमेदीने टाकले. घानामध्ये ७ डिसेंबर २०१२ रोजी ठसे तपासणारी यंत्रे काही केंद्रांवर बंद पडली आणि तेथे मतदान दुसऱ्या दिवशीही घ्यावे लागले. केनियात ४ मार्च २०१३ रोजी यंत्रांच्या बॅटऱ्या उतरल्या, यंत्रे चालेनात, आणि कर्मचाऱ्यांना छापील यादीकडे वळावे लागले. नायजेरियात २८ मार्च २०१५ रोजी तर खुद्द अध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्याच बोटांचे ठसे यंत्राला वाचता आले नाहीत! प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षाला यंत्र ओळखीत नाही म्हटल्यावर शेतकऱ्याची काय कथा! या तिन्ही देशांत शाई होतीच, आणि शाईला बॅटरी लागत नव्हती.

या ठिकाणी आम्हांला मुद्द्याची गोष्ट दिसते. शाई आणि ठशाचे यंत्र यांचा दोष सारखा मोजता येत नाही. शाई चुकली तर फार तर एक मत जास्त पडेल. यंत्र चुकले तर खऱ्या मतदाराला केंद्रावरून परत जावे लागेल. विटा वाहून, भांडी घासून, कापूस वेचून ज्याची बोटे झिजली आहेत त्याचाच ठसा यंत्राला उमटत नाही. आणि नेमका तोच माणूस असा की, त्याच्याजवळ आपला हक्क सिद्ध करण्याचे दुसरे साधन नसते. शाई मतदाराला आधी संशयित धरीत नाही. ती त्याला मत देऊ देते आणि मग खूण करते. शिवाय ती खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. उमेदवारांचे प्रतिनिधी, रांगेतील शेजारी, बाहेरची पोरे, सर्वांना ती दिसते आणि सर्वांना ती कळते. यंत्राच्या पोटातील नोंद पाहण्यास तज्ज्ञ लागतो. बोट पाहण्यास लागत नाही. ज्यांनी ठशाचे यंत्र रचले त्यांनी ‘अचूक ओळख’ हे चांगलेपणाचे माप धरले. मतदान केंद्राला जे माप लागते ते याहून निराळे आहे: वीज नसता चालेल, निरक्षराला समजेल, कोणाला नाकारणार नाही, आणि हरलेल्या पक्षालाही पटेल. या मापाने मोजले म्हणजे कोणते साधन अधिक चांगले, याचे उत्तर बदलते.

तिसरा प्रतिस्पर्धी शाईच्याच जातीचा आहे. कुपी, काडी आणि वाळूचा डबा यांची यातायात नको म्हणून मार्कर पेन निघाले. वापरण्यास ते निःसंशय सोयीचे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत ते बरीच वर्षे चालू होते. परंतु जानेवारी २०२६ मधील महानगरपालिकांच्या निवडणुकीत ही खूण पुसली जाते अशा तक्रारींचा मोठा गदारोळ उठला. त्या तक्रारींत तथ्य किती, याच्या निवाड्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला महत्त्व वाटते ते निराळ्या गोष्टीचे. सोय अधिकाऱ्याची झाली होती. खात्री मात्र मतदाराला हवी होती. ती डळमळल्याबरोबर सोयीला कोणी विचारीना. अफगाणिस्तानात २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत याहून मोठा प्रसंग ओढवला. काही केंद्रांवर योग्य साधन बाजूस राहून भलतेच पेन वापरले गेले, खुणा धुतल्या जाऊ लागल्या, आणि मतदानाच्या दिवशीच अनेक उमेदवारांनी बहिष्कार पुकारला. बोटावरच्या एका रेघेवर केवढा डोलारा उभा असतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग प्रस्थापिताचाच नेहमी विजय होतो काय? एकदा जम बसला की मागे पाहावयास नको? तसे मुळीच नाही, आणि त्याची साक्ष म्हैसूरच देते. याच शहरातील यादवगिरी भागात १९६१ पासून ‘आयडियल जावा’ या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियातील कंपनीच्या परवान्याने ‘जावा’ मोटारसायकली तयार होऊ लागल्या. परवान्याची मुदत सरल्यावर १९७३ पासून त्याच घराण्याची गाडी ‘येझदी’ या नावाने धावू लागली. गावोगावच्या मिस्त्रींना तिचा खिळान्‌खिळा ठाऊक होता. तिच्यावर जीव टाकणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. म्हणजे शाईप्रमाणे हिच्याभोवतीही व्यवस्था होती, सवय होती, विश्वास होता. परंतु १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या बाजारात आल्या आणि गिऱ्हाइकाचा प्रश्नच पालटला. ‘गाडी दणकट आहे ना’ हे तो पूर्वी विचारीत असे. आता ‘एका लिटरमध्ये किती जाते’ असे विचारू लागला. मिस्त्रीचे कौशल्य या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नव्हते. १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

दुसरी साक्ष याहून मार्मिक आहे, कारण ती चांदीचीच आहे. म्हैसूरहून दक्षिणेस बंदीपूरचे अरण्य ओलांडून निलगिरीचा घाट चढला की उदकमंडलम्, म्हणजे आपली उटी, लागते. तेथे १९६० साली केंद्र सरकारने ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा उद्योग स्थापन केला आणि १९६७ पासून तेथे ‘इंदू’ या नावाने छायाचित्राची फिल्म तयार होऊ लागली. क्ष-किरणांची फिल्म, चित्रपटांची फिल्म, सारे तेथे होत असे. म्हैसूरची शाई आणि उटीची फिल्म, दोहोंचे मूळ द्रव्य चांदीचे क्षार. दोहोंतील किमया उजेडाची. दोन्ही कारखाने सरकारी. आधी परदेशी फिल्मच्या स्पर्धेने आणि कर्जाच्या ओझ्याने तो उद्योग वाकला. पुढे फिल्मच न लागणारा कॅमेरा आला आणि उठण्याची आशाही संपली. या व्यवसायातील जगातील सर्वांत बलाढ्य संस्था जी कोडॅक, तिच्याच एका अभियंत्याने, स्टीव्हन सॅसनने, १९७५ साली फिल्मविना चालणारा कॅमेरा करून दाखविला होता. आणि त्याच कोडॅकवर जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. लोकांना छायाचित्र जपून ठेवण्यापेक्षा तत्काळ पाहावयाचे आणि दूरवर धाडावयाचे होते. प्रश्न बदलला, आणि दीडशे वर्षांची व्यवस्था पुरती दोन तपेही टिकली नाही.

तेव्हा प्रस्थापित साधन केवळ प्रस्थापित आहे म्हणून टिकते, हे अर्धेच सत्य होय. व्यवस्था त्याला आधार देते, वेळ मिळवून देते. कागदी मतपत्रिकेला तिने बावीस वर्षे मिळवून दिली. पण शेवटी निर्णय होतो तो वापरणाऱ्याच्या प्रश्नावर. तो प्रश्न तोच राहिला, तर दुसऱ्याच कोणत्या प्रश्नाचे कितीही सुंदर उत्तर घेऊन येणारा परतवला जातो. तो प्रश्न पालटला, की व्यवस्था, सवय, प्रेम, काहीही उपयोगी पडत नाही. १९५१ साली सुकुमार सेन यांच्यापुढे जो प्रश्न होता तो आपल्या मतदान केंद्रावर आजही तसाच उभा आहे. म्हणून त्याचे तेव्हाचे उत्तरही आज चालते.

आम्हांला या शाईचे निव्वळ कौतुक करावयाचे नाही. एवढ्या मोठ्या देशाने एका कारखान्यावर आणि एका गुप्त कृतीवर विसंबून राहावे, यात धोका आहेच. चांदी महाग झाली की शाई महाग होते, हाही एक काच आहे. शिवाय शाई यादीतले दोष दूर करीत नाही. ज्याचे नावच गाळले गेले त्याच्या कोऱ्या बोटाला ती काय करणार? दर खेपेस एकच पुरवठादार असला म्हणजे त्याचा आळस कोणाला दिसत नाही, हे खरेदीच्या फायली हाताळणाऱ्या आमच्या वाचकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून नव्या साधनाचा प्रस्ताव टेबलावर आला तर ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ एवढ्या शेऱ्यावर तो परत करू नये. आणि ‘अद्ययावत आहे’ एवढ्या शिफारशीवर मंजूरही करू नये. हे साधन कोणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते चुकले तर त्याची किंमत कोण देणार, हे दोन प्रश्न आधी विचारावे. ठशाच्या यंत्राची किंमत झिजलेल्या बोटांनी दिली असती. ती गोष्ट प्रस्तावात लिहिलेली नसते. ती अधिकाऱ्यानेच ओळखावयाची असते.

शाईचा प्रश्न कधी पालटेल काय? पालटू शकेल. एस्टोनिया या चिमुकल्या देशात २००५ पासून घरबसल्या संगणकावरून मत देता येते. तेथे मतदाराला आपले मत पुन्हा देण्याची मुभा आहे. शेवटचे तेवढे मोजले जाते. म्हणजे ‘याने आधी मत दिले आहे काय’ हा प्रश्नच तेथे उरला नाही, आणि प्रश्न उरला नाही म्हणून शाईही नाही. आपल्याकडे आपल्या मूळ मतदारसंघापासून दूर राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखविण्यासाठी पुढे आणला होता. पण त्यातही मतदाराने केंद्रावर यावयाचे, टेबलापाशी उभे राहावयाचे होतेच. जोवर माणूस माणसासमोर येऊन मत देतो तोवर म्हैसूरच्या कुपीला काम आहे.

पोटासाठी मुलूख सोडलेल्या माणसांना मताचा हक्क कोणत्या गावी बजावावा हा पेच नेहमीचा आहे, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो अनुभवला आहे. त्यांतही निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली म्हणजे आणखी एक गंमत घडते. सकाळपासून सायंकाळपर्यंत शेकडो बोटांवर रेघ ओढणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचे मत टपालाने दिलेले असते, आणि त्यामुळे त्याचे बोट कोरेच राहते. शाई सांडून बोटे माखली तर गोष्ट निराळी! परंतु साहित्य जमा करून पहाटे घरी परतताना त्या कोऱ्या बोटाबद्दल त्याला खंत वाटू नये. दिवसभरात कोणाही खऱ्या मतदाराला त्याने परत धाडले नाही आणि कोणालाही दुसऱ्यांदा आत सोडले नाही, एवढी ग्वाही त्या वाळूच्या डब्यातील कुपीने त्याला दिलेली असते.